सात नंबरची दांडी

शिरोलीच्या त्या कारखान्यात मापं तपासणाऱ्या विरूपाक्षआण्णांची सही झाली की मालकसुद्धा पुन्हा मोजून बघत नसे. तीस वर्षांत आपल्या टेबलावरून एकही खोटा जॉब, म्हणजे मापात चुकलेला नग, बाहेर गेला नाही, हे आण्णा स्वतःच अधूनमधून सगळ्यांना ऐकवत. आता तर काम पाणबुडीचं होतं. तिचं सुकाणू फिरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आतल्या दहा दांड्या. मूळ परदेशी कंपनीनं बनवायच्या बंद केलेल्या. आज सकाळी अकरा वाजता नौदलाचे साहेब न्यायला येणार, आणि नऊ वाजता आण्णांनी पेटी उघडली तर सात नंबरची जागा रिकामी.

असली वस्तू हरवत नाही, कुणीतरी नेतं. आणि जाब विचारतील तो सही करणाऱ्याला.

संशयाला लांब जावं लागलं नाही. ग्राइंडिंग मशीनवर दांड्या घासणारी पोरगी भूमिका, कागलची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. शनिवारपासून पोरगी नजर चुकवत होती, सुट्टी झाली तरी रेंगाळत होती. काल पेटीजवळ दिसली, आणि आण्णांना बघताच देवाच्या फळीपुढं हात जोडून उभी राहिली. एवढी भक्ती आण्णांना काही पटली नाही.

त्यांनी सगळ्यांसमोर तिची पिशवी रिकामी करायला लावली. भाकरी, झुणक्याचा डबा, कंगवा. बाकी काही नाही.

"सात नंबर कुठं हाय?"

"देवाम्होरं हाय, आण्णा."

फळीवर, नारळामागं, कुंकू लावलेली दांडी उभी होती. पूजेसाठी देवापुढं ठेवलेल्या जॉबला अमावस्येपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा नियम आण्णांचाच. सगळा कारखाना पालथा घातला, पण तिथं कुणी बघितलं नाही. सकाळी आण्णांनी त्या दांडीसमोरच डोकं टेकवलं होतं.

"शनिवारी तुमास्नी साखरपुड्याला जायची घाई हुती," भूमिका म्हणाली. "मशीनवरनं काढल्या काढल्या गरमच मोजलीसा. गार झाल्यावर मी मोजली, कमी भरली. पेटीत ऱ्हायली असती तर गेली असती. सही तुमची, म्हणून चारचौघांत बोलले न्हाय. आता तुमीच चारचौघांत इचारलंसा."

गरम लोखंड फुगलेलं असतं, गार झाल्याशिवाय मोजायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा तिला आण्णांनीच दिला होता. दांडी बारीक असली की तेल झिरपणार, आणि पाण्याखाली सुकाणू वळायला उशीर होणार. आत माणसं असतात. आण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम मोडून त्यांनी दांडी उचलली आणि मोजली. पोरगी खरं बोलत होती.

मग त्यांना आठवलं, शनिवारी त्याच घाईत सातच्या मागोमाग आणखी तीन दांड्या मोजल्या होत्या.

"आट, नऊ, दहा?"

"त्या माझ्या हातच्या न्हाईत. पर मोजल्यासा तवाच."

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. आण्णांनी मापांची वही उघडून चारही नंबरांपुढच्या आपल्या सह्या खोडल्या आणि मायक्रोमीटर भूमिकाच्या हातात दिला. तिनं आठ नंबर मोजली, आकडा वाचला आणि तो सांगायला आण्णांच्या कानाशी वाकली. साहेब दारात येऊन थांबले होते.

"मोठ्यानं सांग," आण्णा म्हणाले.