मशीनमधल्या सासूबाई

रविवारी सकाळी दहा वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चपलांची रास दारातून थेट जिन्यावर उतरली होती. माणसं दाटीवाटीने बसली होती, खिडकीच्या कठड्याला टेकली होती, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती: न्हाणीघराबाहेरच्या बोळात उभ्या असलेल्या कपडे धुण्याच्या मशीनकडे.

मशीन समोरून दार असलेलं, अकरा वर्षांचं, एका कोपऱ्याला पत्रा पोचलेला. त्याच्यावर एक पांढरं कापड टाकलं होतं, पुढच्या बटणांवरून खाली लोंबणारं. शेजारी स्टुलावर ऐकणारे महाराज बसले होते, डोळे मिटून, एक हात कापडाखाली घालून.

“मी बोलत नाही, बाळांनो,” महाराज म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं बोलतच राहिले. “मी नुसता कान आहे. गेलेल्या जिवाला तोंड नसतं. तो पाण्यातून बोलतो, वाऱ्यातून बोलतो, विजेतून बोलतो. या यंत्रात तिन्ही एकत्र आले. मग आई येणार तरी कुठे? फ्रीजमध्ये?”

कोणीच हसलं नाही. या घरात हसण्याची सोय राहिली नव्हती.

मशीनचं धुणं संपत आलं. एरवी याच वेळी ते कपडे पिळायला लागायचं आणि पोटातून किंकाळीसारखा आवाज यायचा. आज घरघर नाही, थरथर नाही. नुसतं पाणी निघून गेल्याची गुळगुळ झाली आणि सगळं शांत. महाराजांनी दार उघडून आतली शाल उचलली, गेलेल्या सासूबाईंची. शालीतून पाण्याच्या धारा लागल्या आणि फरशीवरून पुढे बसलेल्यांच्या पायांपर्यंत आल्या.

“माझा हात लागला की ती ओरडत नाही. रडते. हे पाणी नाही, बाळांनो. हे अश्रू आहेत.”

घरात हुंदके फुटले. सगळ्यात मोठा हुंदका नणंदेचा होता. स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी असलेली सून तेवढी कोरडी होती. दर रविवारी ते अश्रू पुसायचं काम तिच्याकडेच होतं, आणि ते बादलीभर निघत.

महाराजांनी डोळे उघडले ते नेमके तिच्याकडे बघत. “आईला एकच सल आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “शेवटचं औषध कोणाच्या हातून घेतलं, ते ती मला सारखं सांगते. पुढच्या रविवारी त्या हाताची परीक्षा. सुनेने मशीनवर हात ठेवायचा. आई गप्प राहिली तर सून निर्दोष. आई किंचाळली, तर त्या हाताला या घरात भाकरीही करू देऊ नका, आणि लेकरू त्या हातात देऊ नका.”

साठ डोळे सुनेच्या हातांकडे वळले. तिची सहा वर्षांची मुलगी चिमणी पायाला बिलगून उभी होती. बाजूला बसलेल्या एका बाईने पोरीला हलकेच आपल्याकडे ओढून घेतलं.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते ऐका. सासूबाई छातीच्या आजाराने आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. शेवटचे दोन आठवडे त्यांचा श्वास घर्र-घर्र करत चढत जायचा, पार वर पोचायचा आणि एकदम तुटायचा. ज्याने तो आवाज ऐकला तो विसरणं शक्य नव्हतं. त्या गेल्या, आणि महिनाभरात मशीनने तोच आवाज काढला. कपडे पिळायला लागलं की खालून घर्र, मग चढत चढत किंकाळी, आणि मग तुटल्यासारखी शांतता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासरे, म्हणजे नाना, जेवणावरून उठले. “ही तर तीच,” म्हणाले, आणि त्या दिवसापासून मशीनसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. चौकशी करायचे, “काही हवंय का गं तुला?”

हे पाहून कोणाचंही डोकं फिरेल. नणंदेचं फिरलं. आईच्या आजारपणात ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा तासाभरासाठी. तो काटा आत रुतलेला होता, म्हणून तिने ऐकणाऱ्या महाराजांना आणलं. पहिल्या दोन रविवारी महाराजांच्या तोंडून आई सुनेचं कौतुक करत होती. तिसऱ्या रविवारी सुनेने फरशी पुसता पुसता सहज विचारलं, “महाराज, तुम्ही असलात की कपडे एवढे ओले कसे निघतात? एरवी तर पिळून निघतात.” चौथ्या रविवारपासून आईला सल सुरू झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण खोलीभर माणसांत ते दिसलं कोणालाच नाही.

 बुधवारी नवरा म्हणाला, “तू एकदा सगळ्यांसमोर माफी मागून टाक. संपेल विषय.”

“कशाची माफी?”

“कशाची का असेना.”

“आणि नाही संपला तर?”

तो चिमणीच्या दप्तराचा पट्टा उगाचच घट्ट करत राहिला. “ताई म्हणते, थोडे दिवस चिमणी तिच्याकडे राहील.”

 त्या दिवसापासून सुनेने मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला स्वतःच जायचं ठरवलं. वाटेत लोक बोलायचे थांबत. खालच्या मजल्यावरच्या बाईने तिने दिलेली वाटी परत केली, धुतलेली, आणि दाराबाहेर ठेवून.

ही सून वाढली होती सायकल दुरुस्तीच्या दुकानात. तिचे वडील चाक उलटं टांगून फिरवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, छर्रे गेलेत. शनिवारी घरात कोणी नसताना तिने मशीनची वायर काढली, नळ बंद केला, दार उघडलं आणि कपडे फिरतात ते आतलं रिकामं पिंप हाताने फिरवलं. घर्र. पिंपाची कड धरून वर उचलली. खट्ट करून ती वर-खाली हलली. मागचे स्क्रू काढून पत्रा बाजूला केला, तर पिंपाच्या मधोमध, जिथे आस बाहेर येतो तिथून, तपकिरी गंजाचा ओघळ खालपर्यंत आला होता. बेअरिंग गेलं होतं. वडिलांसारखंच तिचं निदान स्वच्छ होतं.

आणि मग तिला कारणही कळलं आणि ती तिथेच फरशीवर बसली. सासूबाईंच्या गादीवर घालायची रबरी चादर ती आठ महिने रोज या मशीनमध्ये टाकत होती. रबरातून पाणी जात नाही. पिळताना चादरीच्या पोटात बादलीभर पाणी साचायचं, पिंप एका बाजूला जड व्हायचं आणि मशीन दणादणा आपटायचं. ती वर बसून ते दाबून धरायची, कारण दुसरी चादर नव्हती आणि हाताने धुवायला वेळ नव्हता. म्हणजे मशीन मोडलं होतं तिनेच.

संध्याकाळपर्यंत तिने मशीनचा नंबर दाखवून सुट्या भागांच्या दुकानातून बेअरिंगची जोडी आणि रबरी सील आणलं. आता मोह पाहा. ते गुपचूप बसवलं असतं तर रविवारी मशीन गप्प राहिलं असतं, सून निर्दोष ठरली असती, मुलगी मांडीवर राहिली असती. तिने पाना हातात घेतलाही. पण मशीन गप्प झालं म्हणजे आईने माफ केलं असं ठरणार होतं, म्हणजे माफ करण्यासारखं काही होतं हेही ठरणार होतं. पुढे गिरणीत, गाडीत, पंख्यात कुठे काही वाजलं की पुन्हा हाताची परीक्षा. तिने पाना खाली ठेवला.

रविवारी गर्दी दुप्पट होती. नणंद चिमणीचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन दारातच उभी होती. आत शालीचं धुणं संपत आलं होतं; महाराजांनी कापड अंथरलं, हात आत घातला, ओठ हलवले. “ये मुली. घाबरू नकोस. सत्याला भय नाही.”

“ठेवते हात,” सून म्हणाली.  “पण आधी हे कापड काढते.”

“कापडाला हात लावू नकोस! आईची लाज आहे ती!”

“महाराज, आठ महिने आईंना मी आंघोळ घातली. त्यांची लाज मला सांगू नका.”

तिने कापड ओढलं. महाराजांचं बोट एका बटणावर होतं, ते त्यांनी चटका बसल्यासारखं मागे घेतलं. 

“नाना, तुम्ही या. हे बटण पिळण्याचं आहे. हे दाबून शून्यावर आणलं की मशीन कपडे पिळतच नाही, नुसतं पाणी सोडून थांबतं. दाबा.”

नानांनी दाबलं. मशीनने गुळगुळ केली आणि ते थांबलं. सुनेने दार उघडून शाल वर धरली. धारा लागल्या.

“हे महाराजांचे अश्रू. आता तेच बटण हजार फेऱ्यांवर न्या. मी हात लावत नाही, बघा.” तिने शाल आत टाकून दार लावलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

नानांनी बटण दाबलं आणि मशीन फिरायला लागलं. घर्र. मग चढत गेलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले, चिमणी रडायला लागली, आणि आवाज पार वर जाऊन तुटला. मशीनला तेव्हा कोणाचाच हात लागलेला नव्हता.

महाराज हरणाऱ्यांतले नव्हते. “बघा! किंचाळली! आई आत आहे म्हणूनच यंत्र आजारी पडलं. उंटावरच्या शहाण्यांना बटणं दिसतात, आत्मा दिसत नाही.”

“मग थांबा तुम्ही,” सून म्हणाली. “मी बेअरिंग काढते. आई आत असतील तर नवं बसवल्यावरही ओरडतील. तीन-चार तास लागतील. कान आहात ना? ऐकायला थांबा.”

महाराजांना अचानक दुसऱ्या एका घरी जायचं आठवलं. त्यांच्यामागे निम्मी गर्दी गेली, काही जण जाताना सुनेला दूषणं देत. सगळ्यांना पटलं असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल.

उरलेल्यांसमोर तिने मशीन उघडलं. पट्टा उतरवला, मागची चकती सोडवली, पिंप बाहेर काढलं, ते नवऱ्याने एका बाजूने धरलं. लोखंडी दांडी टेकवून हातोडीने ठोकल्यावर जुनं बेअरिंग फरशीवर पडलं. गंजाने भरलेलं, दोन छर्रे फुटलेले. तिने ते नानांच्या तळहातावर ठेवून फिरवलं. घर्र.

नाना कितीतरी वेळ ते फिरवत राहिले. “म्हणजे ती नाहीये,” ते म्हणाले.

“नाही, नाना. आई नाहीत. आईंची रबरी चादर मी यात धुवायचे, त्याने हे गेलं. चूक माझी आहे. एवढीच.”

“रोज धुवायचीस?”

“रोज. कधी दोनदा.”

नानांनी मान वर करून दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. रागावले नाहीत. “ती पिशवी खाली ठेव,” एवढंच म्हणाले. नणंदेने पिशवी ठेवली, आणि भिंतीला टेकून खाली बसून ती आईच्या नावाने नव्हे, स्वतःसाठी रडली. सुनेने तिला पाणी दिलं. त्याच हाताने.

चार वाजता मशीन फिरलं. वाऱ्यासारखी एक सू-सू, बाकी काही नाही. नाना खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होते, आणि ते थांबल्यावर त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. चार महिन्यांनी त्यांची बायको खऱ्या अर्थाने गेली होती. ते दुःख मोठं आहे, पण ते खरं आहे, आणि खऱ्या दुःखाने कोणाचं लेकरू हिरावलं जात नाही.

म्हणून सांगतो. घरात काही वाजायला लागलं तर आधी स्विच बंद करा, वायर काढा, आणि ज्याला कळतं त्याला विचारा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. आवाज कापडाखाली झाकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कापड कितीही पांढरं असो. आणि एखाद्या माणसाला घरातून काढण्याआधी, निदान मशीनचे चार स्क्रू काढून बघा.