तंद्रीचा सागर

तारांगणात नोकरी करणाऱ्यांना आकाश बघायला सवड नसते. निवेदिका दुपारी घुमटाखाली शिरायची आणि शेवटचा खेळ संपवून बाहेर पडायची, तेव्हा तिचं सगळं लक्ष बसकडे असायचं. तिचा थोरला भाऊ, दादा, त्याच इमारतीत प्रक्षेपक सांभाळायचा. संचालकांना कर्मचारी आपापसांत ध्रुव म्हणत. ते खुर्चीतून हलत नसत आणि बाकी सगळे त्यांच्याभोवती फिरत.

त्या महिन्यात निवेदिका हवेत होती. तिच्या आवाजातला खेळ ध्वनिमुद्रित होऊन शाळाशाळांत जाणार होता. ती नोकरीवरून गेल्यावरही मुलं तिच्याच आवाजात चंद्र शिकणार होती. आईने ही बातमी जिन्यात भेटेल त्याला सांगून टाकली होती.

चंद्राचा भाग तिच्या आवडीचा होता. घुमटावर पौर्णिमेचा चंद्र खोलीएवढा व्हायचा आणि ती लाल ठिपका फिरवत सांगायची, "हे काळे डाग म्हणजे सागर. पण यांत पाण्याचा थेंब नाही. फार पूर्वी वितळलेला खडक सखल भागात पसरला आणि तिथेच थिजला. हा शांततेचा सागर, हा पावसाचा, हा कडेचा सुटा गोल संकटांचा. आणि खाली दक्षिणेला, उजळ डोंगराळ भागात, हा लांबट दिसतो तो तंद्रीचा सागर. त्याच्या एका काठाला बारीक दात दिसतात ना? ती डोंगररांग."

तंद्रीचा सागर संचालकांच्या पुस्तिकेत होता. रुजू झाल्यावर त्यांनी ती हौसेने छापून घेतली होती आणि तिकिटाबरोबर वाटली जायची. तिच्यावरून निवेदन बेतलं होतं. कोणी शंका घेतली नव्हती, तिनेही नाही.

एका संध्याकाळी खुर्च्यांच्या दुरुस्तीसाठी खेळ रद्द झाले आणि ती उजेडी घरी पोचली. आई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. एकीकडे सूर्य बुडत होता आणि बरोबर समोरून चंद्र वर येत होता. पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला हे असंच होतं, हे ती रोज सांगायची. प्रत्यक्ष बघून वर्षं लोटली होती.

"बघत काय बसलीस? चादरीचं टोक धर," आई म्हणाली.

"थांब गं जरा."

उगवता चंद्र कलता असतो, म्हणून तिने मान वाकडी केली. शांततेचा सागर सापडला. संकटांचा सापडला. दक्षिणेचा भाग स्वच्छ उजळ होता. तिने दादाची दुर्बीण आणली, कठड्याला टेकवली आणि पुन्हा पाहिलं. तिथे विवरं होती, विवरांतून फुटलेल्या पांढऱ्या रेषा होत्या. तंद्रीचा सागर नव्हता. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवून फिरतो. जे काल दिसत होतं त्याला आज लपायला जागा नव्हती.

सकाळी तिने दादाला चंद्राचा प्रक्षेपक उघडायला लावला.

"दिवा नीट चालतोय की," तो कुरकुरला. "कशाला हात लावायचा?"

"उघड तू."

झाकण निघालं आणि आतून आंबूस, तेलकट वास आला. दिव्याजवळची ऊब झुरळांना मानवली होती. दोन-तीन पळाली, एक दादाच्या मनगटावर चढलं. चंद्राच्या काचेवर, दक्षिणेच्या टोकाला, झुरळाच्या अंड्यांची डबी चिकटली होती. तपकिरी, लांबट, फुगीर. तिच्या एका कडेला बारीक दात होते.

निवेदिकेने तोंडावर ओढणी दाबली. त्या दातांवरून तिने रोज लाल ठिपका फिरवला होता. पहिल्या रांगेतल्या मुली वहीत ते दात एकेक करून काढायच्या आणि ती त्यांना शाबासकी द्यायची.

"शी! फोड ती आधी," ती म्हणाली.

"फोडू नको म्हणतात. आत पिल्लं असतात." दादाने पातं घालून डबी खरवडली. काचेवर चिकट डाग राहिला. तोही त्याने थुंकी लावून पुसला.

"दादा, स्पिरिट आहे ना समोर!"

"निघाला ना? मग झालं."

संचालकांना हे सांगितलं तेव्हा ते केळं खात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साल टेबलावर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे आता डाग गेला?"

"गेला, सर. पण हा नकाशा काढला कुणी?"

"मीच. घुमटावरचा चंद्र समोर होता, त्यावरून उतरवून घेतला. आपलं यंत्र असताना बाहेर कशाला बघायचं?"

"आणि नाव?"

"बिननावाचा सागर बरा दिसला असता?" ते हसले. दातांत केळ्याचा धागा अडकला होता, तो जिभेने चाचपत म्हणाले, "असेल की एखादा मागच्या बाजूला."

"मागची बाजू पृथ्वीवरून दिसतच नाही, सर. आपण पहिल्याच खेळात सांगतो."

"तेच तर. दिसत नाही, मग नाही असं कोण म्हणणार?" आता ते गंभीर झाले. "हे बघा मॅडम. पुस्तिका शाळांत गेल्या आहेत. ध्वनिमुद्रणाबरोबर त्याच जाणार. घुमटावर एक आणि हातात एक, असं चालणार नाही. काचेवर काळ्या कागदाचा तुकडा लावा. तेवढाच, तसाच. दात विसरू नका."

तिला वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी साल चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली, बोटं फाइलीच्या कव्हरला पुसली आणि दादाला बोलावलं.

दादाने कागद कापला. छान कापला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी घुमटावर चंद्र उगवला तेव्हा तंद्रीचा सागर आपल्या जागी होता, पूर्वीपेक्षा ठळक. पुढे शिक्षक बसले होते. संचालक कडेच्या खुर्चीत हात पोटावर ठेवून होते. निवेदिकेने शांततेचा सागर सांगितला, पावसाचा सांगितला, संकटांचा सांगितला. मग लाल ठिपका त्या डागावर धरला.

"इथे सागर नाही," ती म्हणाली. "इथे उजळ डोंगराळ प्रदेश आहे. आमच्या यंत्रात झुरळाने अंडी घातली होती, त्याचा हा डाग. पुस्तिकेत तो चुकून छापला गेलाय, कृपया खोडा. येत्या पौर्णिमेला मुलांना गच्चीवर न्या, सूर्य मावळताना. त्यांची त्यांना खात्री पटेल."

शिक्षक खदखदून हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. टाळ्याही पडल्या. संचालक सगळ्यांत मोठ्याने हसले. खेळ संपल्यावर ते म्हणाले, "झुरळाचं छान जमलं हं, मॅडम!" आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. घरी पोचल्यावर तिने तो कुडता धुवायला टाकला.

दुसऱ्या दिवशी ती ध्वनिखोलीत गेली तेव्हा दादा कानाला हेडफोन लावून बसला होता. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ होती. त्याने एक तुकडा कापला आणि त्या जागी दुसरा बसवला. मग ऐकायला म्हणून हेडफोन काढून स्पीकर लावला.

"आणि खाली दक्षिणेला, उजळ डोंगराळ भागात, हा लांबट दिसतो तो तंद्रीचा सागर," तिचाच आवाज म्हणाला. तोच गोड हेल, तोच किंचित थांबा. "त्याच्या एका काठाला बारीक दात दिसतात ना?"

"कुठून आणलंस हे?"

"जुन्या खेळातून. जोड कळतो का सांग."

"दादा, काढ ते."

"साहेबांनी सांगितलंय. आणि मी माझ्या मनचं काय घातलंय? तूच बोललीयेस."

"मला माहीत नव्हतं तेव्हा बोलले होते."

"ऐकणाऱ्याला कुठे कळतंय ते?" त्याने बटण दाबलं. तीच वाक्यं पुन्हा ऐकली, एका ठिकाणी श्वासाचा आवाज कमी केला, समाधानाने मान हलवली. "आता बघ. लोण्यासारखं."

तिने राजीनामा लिहिला आणि ओळखपत्रासह संचालकांच्या मेजावर ठेवला. त्यांनी तो न वाचता पुस्तिकांच्या गठ्ठ्याखाली सारला आणि म्हणाले, "हरकत नाही. आवाज तर झालाच आहे."

संध्याकाळी आईने दोघांना एकदमच वाढलं. "कधी ऐकवणार रे हिचं ते?" तिने दादाला विचारलं.

"उद्याच आणतो. फार झकास झालंय."

दादाने पोळी मोडून अर्धी बहिणीच्या ताटात ठेवली, लहानपणापासून ठेवायचा तशी. तिने ती चिमटीत उचलली, त्याच्या ताटात परत टाकली आणि हात धुवायला उठली. बराच वेळ नळ चालू राहिला. आई आतूनच ओरडली, "अगं, पाणी संपेल!"