पत्ते मुळासकट

> पत्त्यांचा खेळ काढा

नाटकांचे कपडे शिवणाऱ्या काकूंनी पुन्हा एकदा तीच कमांड दिली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, खेळ गेला. पण जाऊन जातो कुठे? काकूंची पाठ वळली, की काका तो परत घालणार आणि दुकानाच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडणार.

आज तर कॉम्प्युटर हवाच होता. राजाच्या झग्याचा पॅटर्न छापायचा, नट आला की कागद त्याच्या अंगाला लावून बघायचा, लगेच कापड कापायचं. उद्या प्रयोग.

काकूंनी शिवणातला नियम लावला: उसवायचं तर गाठीपासून. खेळ ज्या पॅकेजवर, म्हणजे आधाराच्या सॉफ्टवेअरवर, उभा होता, तेच उपटायचं.

> मूळ पॅकेज काढा
> त्याच्या आधाराने चालणारी ही पॅकेजेसही जातील:

खाली भली मोठी यादी.

> चालेल?
> हो

वाचलं नाही. काकांच्या रिकामटेकडेपणाची पिलावळ, ती काय वाचायची!

मग छापायला गेल्या. पॅटर्नचा प्रोग्रॅम नाही. मोठ्या प्रिंटरचं नाव नाही.

(इथे काकू जे बोलल्या, ते छापण्यासारखं नाही.)

"अहो! माझे पॅटर्न गेले!"

काका धावत आले. "पॅटर्न कुठे जातात? कात्री हरवली म्हणून कापड फाटतं का? फायली जागच्या जागी आहेत. सरक."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"तू काढतेस, मी घालतो. तूच तयार केलंस मला!"

> पॅटर्नचा प्रोग्रॅम आणि प्रिंटर घाला

तेवढ्यात नट दारात. "काकू, झालं का? तालीम खोळंबलीय."

"बसा राजेसाहेब. राज्य बुडालंय, उभं करतोय."

> सोबत ही नवीन पॅकेजेस येतील. चालेल?

काकांचं बोट 'हो'कडे निघालं. काकूंनी मनगट धरलं.

"आधी वाचा."

"अगं, केवढी यादी आहे!"

"मोठ्यांदा."

काका पाढे म्हटल्यासारखे वाचू लागले. प्रत्येक नावाला काकूंचा सवाल, "हे काय करतं?"

"हे अक्षरांचं बघतं. हे रंगांचं. हे प्रिंटरशी बोलतं."

"आणि हे?"

"हे स्वतः काही करत नाही. पण हे नसेल तर बाकीची कामालाच लागत नाहीत."

"म्हणजे सासूबाई. येऊ द्या."

> हो

काकूंनी स्वतः दाबलं. अक्षरं धावली, थांबली. प्रिंटर खोकला आणि झग्याची पाठ लांबच लांब बाहेर येऊ लागली. मागोमाग पुढचा भाग.

काकूंनी कागद नटाच्या अंगाला लावला. त्याने श्वास रोखून पोट आत ओढलं.

"सोडा पोट," तोंडातल्या टाचण्या सांभाळत काकू म्हणाल्या. "राजा आहात. कापड भरपूर आहे."