सहदेवच्या छातीतला बेडका

मी बेडका बोलतोय. नाक मुरडू नका. तुम्हाला सर्दी झाली की माझेच भाऊबंद तुमच्या रुमालात बसतात, आणि तो रुमाल खिशात घालून तुम्ही लग्नाला जाता.

माझा जन्म बाळकुमच्या सहदेवच्या छातीत झाला. डाव्या फुफ्फुसाच्या पार तळाला, मेथीच्या काडीएवढ्या नळीत. सहदेवनं तरुणपणी मिठागरावर मीठ ओढलं आणि चाळीस वर्षं विडी ओढली. मिठागर बंद पडलं म्हणून सुटलं, विडी सुटायला फार उशीर झाला. धुरानं नळ्या सुजल्या, आणि सुजलेल्या नळीत मी धरलो. आधी पातळ होतो. मग घट्ट झालो, मग रबरासारखा चिवट. सहा वर्षं त्याच नळीत. माझ्यामागची हवा बाहेर जाईना, बाहेरची आत येईना. लोकांना वाटतं बेडक्याला माणसाचा दम अडवायची हौस असते. कसली हौस? मीच अडकलेलो.

सुटायची वेळ एकच, सकाळची. सहदेव तोंड धुताना असा खाकरायचा की अंगणातल्या शेवग्यावरचे कावळे उडायचे. मिठागरावर सगळे तसेच खाकरत. वरचे बेडके रोज सुटायचे, आणि मीही केसभर पुढे सरकायचो. आज ना उद्या माझा नंबर लागणार होता.

पण सहदेवच्या शेतावर बिल्डरचा टॉवर उभा राहिला. जमिनीच्या बदल्यात सहदेवला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. आठवड्याच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, अकराव्या मजल्यावरून सकाळी घाणेरडे आवाज येतात, चहा घशाखाली उतरत नाही. ते सहदेवच्या सुनेनं, विनितानं वाचलं. ती वाईट नाही. बेसिनपाशी येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, जरा हळू."

सहदेवला हळू खाकरता येतच नाही. त्यानं खाकरणंच सोडलं. खोकला आला की तोंडावर टॉवेल, आणि वर आलेलं सगळं गिळून मोकळा. तुमच्यात ढेकर चालतो, शिंक चालते, शिंकल्यावर देवाचं नाव घेता. आम्हीच तेवढे घाणेरडे.

मी पार दगड झालो. पलंगापासून गॅलरीपर्यंत बावीस पावलं. सहदेव बाराव्या पावलालाच भिंत धरायला लागला. होळीपासून तो खाली उतरला नव्हता. गॅलरीत बसून खाडीकडे बघायचा. तो घरात कोंडलेला, मी त्याच्यात कोंडलेलो. दर रविवारी खडवलीहून त्याच्या धाकट्या बहिणीचा, आवडाबाईचा फोन यायचा. तिचे गुडघे गेलेत, अंथरुणावरच असते.

"दादूस, कंदी येशील? मी काय आता उठून येत नाय."

"येतो गो."

फोन ठेवला की तो खडवली स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या मनातल्या मनात चढायचा. नुसत्या विचारानंच छातीचा भाता हलायला लागायचा. मला आतून कळायचं ना.

शेवटी विनितानं त्याला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या श्वासाच्या पंपात अजून एक औषध घालता येईल. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. कफात एका जातीच्या पेशी जास्त असतील तरच फायदा, नसतील तर उगाच न्युमोनियाचा धोका. रक्तातला आकडा धड इकडे ना तिकडे आलाय. कफच बघावा लागेल."

मी कान टवकारले. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मी हवा होतो.

तर या म्हाताऱ्यानं काय करावं? घरून डबी भरून नेली. लॅबमधल्या कृतिकानं ती उजेडात धरली. "आजोबा, ही लाळ आहे." दुसऱ्यांदा गेला, परत लाळ. मग तिसऱ्यांदा तिनं आधी त्याला पंप दिला, मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि तोंडात नळी देऊन खाऱ्या पाण्याची वाफ सुरू केली. विनितालाही स्पष्ट सांगितलं, "आज नाही निघालं तर नमुना मिळाला नाही एवढंच कळवेन. मग औषधाचं काही ठरणार नाही."

दोन मिनिटांनी सहदेवनं नळी बाजूला केली. "मीठ कमी हाय."

"आजोबा, मोजून घातलंय."

"तू मोजलंस. मी चाखलंय."

कृतिका हसली. "बरं मालक. ओढा आता."

कमी असेल, नसेल, पण ते मीठ खाली आलं. माझ्या अंगाला लागलं. कडा सुटल्या, आत पाणी शिरलं, आणि मी हललो. खोकल्याचा एक दणका बसला, दुसरा बसला, मी थेट घशापाशी.

आणि सहदेवनं तोंड मिटलं. खोलीचं दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर सात-आठ माणसं, समोर सून. घसा गिळायच्या तयारीत. गिळलं असतं तर मी पोटात जाऊन संपलो असतो, आणि खडवलीही संपली असती.

विनितानं कृतिकाच्या हातून डबी घेतली आणि स्वतः त्याच्या तोंडापुढे धरली.

"बाबा, खाकरा. शेवग्यावरचे कावळे उडायचे तसं."

त्यानं मान हलवली. "लोका आयकतील."

"ऐकू दे. त्या दिवशी ग्रुपवर मी उत्तर द्यायला हवं होतं. तुम्हाला सांगायला नको होतं."

सहदेवनं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. मग खाकरला. बाकावरचं एक तान्हं रडायला लागलं. मी डबीत पडलो.

आता मी काचेवर आहे. चिमट्यानं निवडला, औषधात विरघळवला, काचेवर पसरला, रंग लावला, वरून दुसरी काच ठेवली. कृतिकानं मायक्रोस्कोपमधून बघत त्या पेशी मोजल्या आणि शेजारणीला म्हणाली, "भरपूर आहेत गं. आजोबांना औषध लागू पडेल." मला काचांच्या डब्यातल्या सत्ताविसाव्या खाचेत उभं करून झाकण लावलं. छातीतून सुटलो आणि डब्यात अडकलो. नशीबच तसलं.

सहदेव पुलावर चढला की नाही, मला कळायचं नाही. पण एक नळी मोकळी झालीय, ती मी स्वतः रिकामी केलीय.

तेवढं तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याला सकाळी खाकरू द्या. चहा नंतर घ्या.