वारेतला विषाणू

मी एक विषाणू बोलतोय. दचकू नका, तोंडाला रुमालही लावू नका. मी बाहेरून येणार नाही, आतच आहे. तुमच्यात, तुमच्या आईत, शेजारच्या काकांतही.

कोट्यवधी वर्षांपूर्वी आलो तो चोरासारखाच. तुमचे पूर्वज तेव्हा झाडावर राहायचे. मला एकच विद्या येत होती, पेशीला चिकटायचं आणि आत शिरायचं. एकदा अशा पेशीत शिरलो, जिच्यातून पुढची पिढी जन्मते. झालं, बसलो अडकून! बापाचं नाक पोराला मिळावं तसा मी पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेलो. माझे बरेचसे भाऊबंद मोडून पडले. काही अधूनमधून जागे होऊन आजार वाढवतात असा संशय आहे, पण खरंखोटं अजून ठरायचंय.

माझी विद्या मात्र वारेत कामी आली. पोटातल्या बाळाला आईकडून अन्न पोचवते ती वार. तिच्या पेशी एकमेकींत मिसळून एक पातळ थर बनतो, आणि त्या मिसळायला मी लागतो. चोराला त्याच घरात गवंडीकाम मिळालं म्हणा ना!

आता माझ्या बाईबद्दल सांगतो. म्हणजे मी जिच्यात आहे ती. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते, विषाणू शोधते. एखादा नमुना पॉझिटिव्ह आला की मशीनकडे बोट दाखवून म्हणते, "सापडलास, मेल्या!" मला हसू आवरत नाही. अगं बाई, मी तुझ्या त्या बोटातच आहे!

दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. तिची आई म्हणाली, "दिवसभर उभी राहतेस, दुसरं काय होणार?" तिने डबा भरला आणि कामावर गेली. मला मात्र फार लागलं. थर नीट बनला नव्हता का? माझं काही चुकलं होतं का?

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती सुटीच्या दिवशी पुस्तकं घेऊन बसायची. एकदा जेवताना म्हणाली, "आई, वार बनायला एक जुना विषाणू मदत करतो म्हणे."

"जेवताना काय गं हे!"

"अगं, तुझ्यातही आहे तो."

"माझ्यात नाही हो असलं काही. मी रोज आंघोळ करते."

एका दुपारी मुलगी झाली. रडली तीही खणखणीत. मागोमाग वार आली. "छान, सगळं झालं," म्हणत डॉक्टर हातमोजे काढायला लागले.

म्हाताऱ्या सिस्टरने मात्र वार ट्रेमध्ये पसरली, रक्त पुसलं आणि दोन्ही हातांनी तिचे भाग जुळवून पाहिले. दर बाळंतपणात ती हे करते.

"डॉक्टर, थांबा. एक तुकडा कमी आहे."

"फाटली असेल थोडी."

"मग कडा जुळल्या असत्या. आत राहिलाय तो."

खरंच, बाईचं रक्त थांबत नव्हतं. माझी तर पाचावर धारण बसली. जी चिकटायची विद्या मी एवढी मिरवली, तीच हिच्या जिवावर उठली की काय? सूट रे बाबा, सूट!

डॉक्टरांनी पुन्हा मोजे चढवले आणि तुकडा काढला. सिस्टरने तो ट्रेमधल्या वारेच्या मोकळ्या जागी ठेवला. "बसला बघा!" ती म्हणाली. हळूहळू रक्तही थांबलं.

बाई पांढरीफटक पडली होती. तरी म्हणाली, "सिस्टर, मला दाखवा ना."

"बायका तोंड फिरवतात, आणि तुम्हाला बघायचीय?"

सिस्टरने ट्रे जवळ आणला. बाईने त्या तुकड्यावर बोट ठेवलं. 

"सापडलास, मेल्या," ती हळूच म्हणाली, आणि रडायला लागली.

सिस्टरने ट्रे उचलून नेला. वार टाकून दिली, तिच्यासोबत मीही थोडा गेलो. त्याचं काही नाही, मुलीत आहेच मी. पण बाई, कामावर परत गेलीस की मलाही एकदा तुझ्या मशीनमध्ये घाल. ती दोन बाळं का गेली, ते शोध. दोष माझा निघाला तर तसं सांग, मी ऐकून घेईन. तुझ्या लेकीची आई व्हायची वेळ येण्याआधी मला ते कळायला हवं.