दाबून धरलेलं बटण

देवदत्तच्या कॅनडातल्या, हॅमिल्टनमधल्या ग्रोसरी स्टोअरची मालमोजणी दरवर्षी फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीला, दुकान बंद ठेवून व्हायची. मोजायची यंत्रं भाड्याने आणायची आणि दोन दिवस त्यात घालवायचे. यंदा त्याने डोकं चालवलं. प्रत्येकाने आपापल्या फोनवर एक अ‍ॅप घ्यायचं, फळीचा फोटो काढायचा, खाली आकडा टाकायचा, की सगळं त्याच्या टॅबलेटवर हजर. दुपारच्या आत काम आटोपणार म्हणून स्वारी सकाळपासून खुशीत होती.

मंदाकिनी ही त्याची थोरली वहिनी. तो बारा वर्षांचा असताना ती लग्न होऊन त्या घरात आली होती आणि त्याचे शाळेचे डबे तिनेच भरले होते. नवरा गेल्यापासून ती दिराच्या बेसमेंटमध्ये राहत होती आणि दुकानात लोणच्यांच्या फळ्या सांभाळत होती. फोनशी मात्र तिचं काही केल्या जमेना. फोटो काढताना ती बटण दारावरच्या बेलसारखं दाबून धरायची, आणि फोटोऐवजी व्हिडिओ निघायचा. सकाळपासून आंब्याच्या लोणच्याचे चार व्हिडिओ टॅबलेटवर जाऊन पडले होते. टच करा आणि सोडा, असं देवदत्तने दोनदा नीट सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज चढला.

त्यातच शंतनुने अ‍ॅप घ्यायला नकार दिला. नागपूरहून आलेला हा तिशीतला माणूस दोन वर्षं दुकानात राबत होता. त्याचं वर्क परमिट याच दुकानाच्या नावावर होतं, म्हणजे इथली नोकरी गेली की कॅनडाही गेला. म्हणून पार्किंग लॉटमधला बर्फ उपसण्यापासून पोती वाहण्यापर्यंत त्याने कशालाही नाही म्हटलं नव्हतं. आज म्हणाला. हे अ‍ॅप चोवीस तास लोकेशन मागतं, मी कागद-पेन घेऊन मोजतो, असं त्याचं म्हणणं. तो थंडखोलीच्या दाराशी उभा होता आणि त्याचा आवाज नरमच होता.

"सर, फोन माझा आहे," तो म्हणाला.

"आणि परमिट माझं आहे," देवदत्त म्हणाला आणि त्याने उघडा फोन त्याच्या हातातून हिसकावला. स्क्रीनवर रिचमंड हिलच्या एका दुकानदाराचा मेसेज होता. गुरुवारी इंटरव्ह्यूला या, परमिटचे पेपर्स आम्ही बघू.

मंदाकिनी पंधरा पावलांवर, त्यांच्याकडे वळून, फोन डोळ्यांसमोर धरून उभी होती. पहिली थप्पड तिला आधी ऐकू आली. मग देवदत्तची मूठ शंतनुच्या तोंडावर बसली, आणि तो दुधाच्या क्रेट्सवर कोसळला. ओठ फाटला होता. उठायला आधार म्हणून त्याने दाराची चौकट धरली. देवदत्तने त्या हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं, आणि मग ते जाड स्टीलचं दार सगळ्या ताकदीनिशी लोटलं. ऊस मोडावा तसा आवाज झाला. शंतनु गुरासारखा ओरडला. देवदत्तने दार उघडलं आणि पुन्हा आपटलं. पहिल्या वेळेला राग आला म्हणता येईल, पण दुसऱ्या वेळेला काय म्हणायचं? मंदाकिनीचा अंगठा बटणावर होता तिथेच होता.

शंतनु दाराशी बसला होता. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती आणि फरशीवर रक्त पसरत होतं. देवदत्तने हात पुसले आणि तो तिच्याकडे आला. आता त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"वहिनी, दार निसटलं आणि त्याचा हात सापडला. तुम्ही पाहिलंत ना?"

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको अबोली जबडा मोडून जिन्याखाली पडली होती, तेव्हा त्याने याच आवाजात सांगितलं होतं, वहिनी, ती घसरली. पोलिसांनी विचारलं तेव्हा मंदाकिनीने तेच सांगितलं. स्ट्रेचरवरून अबोली तिच्याकडे बघत होती, तिला बोलता येत नव्हतं. ती पुन्हा त्या घरात आली नाही. मंदाकिनीला त्या दिवसाची लाज वाटायची, रोज वाटायची, आणि तरी ती त्याच घराच्या बेसमेंटमध्ये जेवत होती.

अँब्युलन्स नको, मीच गाडीने नेतो, असं देवदत्त म्हणतोय तोवर टॅबलेट वाजला. लोणच्याच्या फळीचा पाचवा व्हिडिओ, बावन्न सेकंदांचा. त्याने तो पुरता बघितला.

"फोन द्या," तो म्हणाला.

तिने फोन छातीशी धरला. त्याने तिचं मनगट पिळलं. चौसष्ट वर्षांचं ते हाड, त्याने जराही दयामाया केली नाही. तिला फळीवर रेटलं तशा बरण्या कोसळल्या, आणि एका काचेने तिचा गाल चिरला. बेसमेंट कुणाचं, खाता कुणाचं, असं तो कानाशी विचारत होता. तिचा मोकळा हात एका बरणीवर पडला आणि तिने ती त्याच्या कपाळावर हाणली. तेल, तिखट, मीठ सगळं डोळ्यांत गेलं. तो किंचाळत गुडघ्यांवर बसला. ती पहिली बरणी तिने जीव वाचवायला मारली होती. दुसरी मात्र ठरवून घातली. मग शंतनुजवळ जाऊन बसली, त्याच्या हाताला आपली ओढणी गुंडाळली आणि नऊ-एक-एक हा इमर्जन्सीचा नंबर लावला.

पोलीस आले तोवर देवदत्तने डोळे धुतले होते. त्याचं इंग्रजी फार छान. त्याने समजावून सांगितलं की दाराचा अपघात झाला, वहिनी वयामुळे घाबरल्या आणि त्यांनी हल्ला केला, आणि त्या फोनवर स्टोअरचं अ‍ॅप असल्यामुळे त्यातलं सगळं कंपनीच्या मालकीचं आहे. शंतनुला स्ट्रेचरवर घालून नेत होते. तो मान वळवून मंदाकिनीकडे बघत होता.

"हा फोन कुणाचा?" पोलीसबाईने तिला विचारलं.

"वहिनी," देवदत्त मराठीत, त्या मऊ आवाजात म्हणाला, "रात्री घरी यायचंय ना?"

मंदाकिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीतच उत्तर दिलं.

"फोन माझा आहे. सगळं त्यात आहे, बघा. आणि अजून एक लिहून घ्या. पाच वर्षांपूर्वी अबोली घसरली नव्हती. मी खोटं बोलले होते."