तारीख गेलेल्या गोळ्या

पालमच्या बसस्टँडसमोर बन्सीधरचं औषधाचं दुकान होतं. गोजरबाई तिथं झाडलोट करायची. महिन्या-दोन महिन्यांनी बन्सीधर एक खोकं तिच्या हातात द्यायचा आणि मागच्या नाल्यात टाक म्हणायचा. का टाकायचं, हे त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. पाकिटं कोरी करकरीत दिसायची. एवढा चांगला माल टाकताना तिचा जीव तुटायचा.

त्या साली लेक वाल्मीक ऊसतोडीला गेला आणि मागं सून रुख्मिणी बाळंत झाली. पाचव्या दिवशी तिला ताप भरला. त्याच दिवशी दुकानातून खोकं निघालं. तापाच्या माणसाला बन्सीधर ज्या लाल-पिवळ्या गोळ्या द्यायचा, त्या गोजरबाईनं रंगावरून ओळखल्या. पाकीट ओच्यात घालून घरी नेलं. सकाळ-संध्याकाळ एकेक, चार दिवस सुनेला दिल्या. ताप हटेना, तेव्हा एसटीत घालून परभणीला नेलं. डॉक्टरनं पाकिटावरची तारीख वाचली. दीड वर्षामागंच हे औषध बाद झालंय म्हणाला, चार दिवस आधी आणायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्मिणी गेली.

दहावा झाल्यावर गोजरबाईनं ते पाकीट बन्सीधरसमोर ठेवलं.

"मालक, एका शब्दानं सांगायचं व्हतं."

बन्सीधरनं आधी गिऱ्हाइकांकडं बघितलं, मग पाकीट खाली ओढलं.

"मी फेक म्हनलं व्हतं. खाऊ घाल म्हनलं व्हतं का?"

उशिरा निरोप मिळून वाल्मीक आला, तेव्हा तापानं गेली एवढंच तिनं सांगितलं. गोळ्यांचं बोलायला जीभ रेटेना. नातवाला वरचं दूध लागत होतं, म्हणून झाडू पुन्हा हातात घेतला.

मात्र आता खोकं आलं की ती दुकानामागं बसून एकेक गोळी दगडानं ठेचायची, शेणात कालवायची आणि खड्ड्यात पुरायची. झाडायचं राहतंय म्हणून बन्सीधर कुरकुरायचा.

एकदा शेजारची सरजाबाई तिथं आली. नवरा तापानं फणफणला होता. तिनं एक पाकीट मागितलं.

"न्हाई देत, बाई. तारीख गेली ह्याची."

"तुला कवापासून वाचाया यायलंय?" सरजाबाई म्हणाली.

सगळं सांगावं असं गोजरबाईच्या ओठांवर आलं. पण सरजाबाईला सांगितलं की ते वाल्मीकच्या कानावर जाणारच. तिनं पुढची गोळी दगडाखाली धरली. गोजरबाई औषध मातीत घालते पण गरिबाला देत नाही, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.